वंशाच्या दिव्याचं गणित

खिशात दोन नाणी आहेत? यूपीआयच्या जमान्यात नसणारच म्हणा! तरी शोधा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर, नाही तर आईच्या देवघरातल्या डबीत सापडतीलच. सापडली? आता दोन्ही एकदम उडवा. छापा आला तर मुलगा, काटा आला तर मुलगी. झालं तुमचं कुटुंब तयार... 'हम दो हमारे दो'!

आता पुढचा नियम. जितके छापे तितके मुलगे. त्या प्रत्येक मुलाने मोठं होऊन पुन्हा दोन नाणी उडवायची. मुलींनी उडवायची नाहीत, कारण त्या 'दुसऱ्या घरच्या'. (नियम माझे नाहीत, फार जुने आहेत.) एखाद्या पिढीत सगळेच काटे आले की खेळ खलास. आडनाव बुडालं.

एका पावसाळी रविवारी मी हॉलमध्ये मांडी घालून हाच खेळ खेळत बसले होते. वीस घराणी, प्रत्येकी पाच पिढ्या. आई दोनदा डोकावून गेली. फ्रीलान्सर मुलगी म्हणजे बेकार मुलगी, हा तिचा जुना समज त्या दिवशी एकदम पक्का झाला असणार. चहा होईपर्यंत वीसमधली बारा घराणी संपली होती. कुणी रोगराईने मेलं नाही, कुणाला कुणाचा शाप लागला नाही, कुणी काही पाप केलं नाही. फक्त नाणी पडली.

हे सगळं सुरू झालं ते ठाण्याच्या काकांच्या फोनमुळे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. कुलवृत्तांत म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी! मूळ पुरुषापासून आजपर्यंतच्या सगळ्या पुरुषांची यादी, शाखांसकट, जाडजूड पुस्तकात. बायका असतात त्यात, पण कुणाची तरी पत्नी म्हणून. मुलींची नावं येतात आणि लग्न झालं की तिथल्या तिथे संपतात. काका उत्साहाने म्हणाले, "अगं, तुमच्या शाखेचं पान या वेळी लवकर आटोपलं बघ. तुम्ही दोघी बहिणीच ना. तुझ्या बाबांपाशी शाखा थांबली असं लिहितोय. वाईट वाटून घेऊ नकोस, पद्धत आहे."

मला वाईट नाही वाटलं. राग आला. बाबांना मात्र वाईट वाटलं असावं. ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी कपाटातून जुनी आवृत्ती काढली आणि बराच वेळ चाळत बसले. दुसऱ्या दिवशी ती मी चाळली. आणि जे दिसलं ते भन्नाट होतं. पुस्तकातल्या निम्म्याहून जास्त शाखा मध्येच कुठे तरी थांबलेल्या! 'पुत्रसंतती नाही', 'वंश खुंटला', 'पुढे माहिती नाही'... पानामागून पानं. म्हणजे आमची शाखा अपवाद नव्हतीच. उलट, शाखा थांबणं हाच नियम होता आणि चालू राहणं हा अपवाद!

माझी शाळेतली एक मैत्रीण पॉप्युलेशन जेनेटिक्समध्ये पीएचडी करते. म्हणजे नेमकं काय करते हे तिच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. ना पांढरा कोट, ना मायक्रोस्कोप. एक लॅपटॉप आणि ढीगभर रफ कागद. तिला कॉफीला गाठलं आणि हे सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, तू गाल्टन-वॉटसन प्रोसेस वाचतेयस! आमचा धडा पहिला."

तर सर फ्रान्सिस गाल्टन. चार्ल्स डार्विनचा मामे-आते नात्यातला भाऊ आणि व्हिक्टोरियन इंग्लंडमधला एक उद्योगी गृहस्थ. इंग्लंडमधल्या नामवंत घराण्यांची आडनावं बघता बघता नाहीशी होतात, याचं तेव्हाच्या बड्या लोकांना भारी टेन्शन होतं. त्यांना वाटायचं, ऐषारामाने या घराण्यांची प्रजननशक्ती कमी होतेय. गाल्टनला शंका आली की यात नुसत्या नशिबाचा भाग किती? 1873 मध्ये त्याने 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये हा प्रश्न गणिती कोडं म्हणून छापला. हेन्री विल्यम वॉटसन नावाच्या एका धर्मगुरूने, जो गणितीही होता, ते सोडवायला घेतलं आणि दोघांनी मिळून पेपर लिहिला.

आमच्या दोन नाण्यांच्या खेळात त्यांचंच गणित आहे. शंभर घराण्यांनी सुरुवात करा. पहिल्या पिढीत सरासरी पंचवीस जातात, कारण दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारात एक. दुसऱ्या पिढीअखेर 39 गेलेली असतात. पाचव्या पिढीला 60. दहाव्या पिढीला 74. आणि खेळ चालूच ठेवला तर? सगळी. शंभरच्या शंभर. प्रत्येक पुरुषाला सरासरी बरोब्बर एक मुलगा असूनही! लोकसंख्या सरासरीने तेवढीच राहते, आडनावं मात्र एकेक करून विझत जातात आणि उरलेली काही प्रचंड फुगतात. दक्षिण कोरियात पाचातला एक माणूस 'किम' आहे, तो काही उगाच नाही. (आपल्याकडचं गणित जरा वेगळं. गावागावात कुलकर्णीपद होतं, म्हणून कुलकर्णी सगळीकडे. ते सगळे एका माणसाचे वंशज नव्हेत.)

मजा पुढे आहे. प्रत्येकाने तीन नाणी उडवली, म्हणजे सरासरी दीड मुलगा, तर? तेव्हा 'कधी ना कधी आडनाव बुडेल' याची शक्यता शंभर टक्क्यांवरून थेट 24 टक्क्यांच्या आसपास येते. मैत्रिणीने बिलाच्या मागे समीकरण मांडून दाखवलं. त्याला दोन उत्तरं निघतात, एक आणि 0.236. वॉटसनला 'एक' हे उत्तर दिसलं आणि तो तिथेच थांबला! लोकसंख्या वाढत असली तरी सगळी आडनावं शेवटी बुडणारच, असं त्याने लिहून टाकलं. इरेने-ज्यूल बिएनेमे या फ्रेंच माणसाने 1845 मध्येच बरोबर उत्तर दिलं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. बिएनेमे बिचारा! पेपर वेळेत लिहूनही दुसऱ्याच्या नावाने ओळखला जाणं म्हणजे काय, ते कुठल्याही ज्युनिअर एक्झिक्युटिव्हला विचारा.

आणि हे गणित तुम्ही आधी पाहिलंय. 2020 मध्ये आपण सगळे रोज टीव्हीवर 'आर' नावाचा आकडा बघत होतो, आठवतंय? एक पेशंट सरासरी किती जणांना लागण करतो, तो आकडा. एकच्या खाली गेला की साथ आटोपते. मुलाच्या जागी पेशंट घाला, बाकी प्रकार तोच.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रातला एकूण प्रजनन दर निघाला 1.7. म्हणजे एका बाईमागे दोनपेक्षा कमी मुलं आणि एकपेक्षा कमी मुलगे. हा दर असाच राहिला तर गाल्टनच्या गणिताने मराठी आडनावांपैकी प्रत्येकाचा शेवट ठरलेला आहे. बुडायला किती पिढ्या लागतील एवढाच प्रश्न. ठाण्याच्या काकांना हे सांगितलं नाही. त्यांना बीपी आहे.

इथपर्यंत मला मजा येत होती. मग पुस्तकात पणजोबांचं पान लागलं.

तिथे लिहिलंय, 'प्रथम पत्नीस तीन कन्या. पुत्रसंततीसाठी द्वितीय विवाह.' बस्स. द्वितीय पत्नीचं नाव आहे, माहेर आहे, कारण तिला मुलगा झाला. ते माझे आजोबा. प्रथम पत्नीचं नाव नाही. तिच्या तीन मुलींचीही नाहीत.

तीन मुलं आणि तिन्ही मुली, याची शक्यता आठात एक. ही काही लॉटरी नव्हे. लोकलच्या डब्यातल्या तीन मुलंवाल्या आठ बायका घ्या, त्यातली एक सरासरीने तिन्ही मुलींची आई निघेल. त्या आठव्या बाईला आमच्या घराण्याने मागच्या खोलीत पाठवलं. आणि तिचा त्यात संबंध काय? मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे नेट्टी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईने 1905 मध्ये किड्यांवर काम करून दाखवून दिलं होतं. पणजोबांचं दुसरं लग्न झालं 1920 नंतर. नाणं त्यांच्या खिशातलं होतं हे विज्ञानाला तेव्हा माहीत झालं होतं, रत्नागिरी जिल्ह्यात पोहोचलं नव्हतं. अजून तरी कुठे पूर्ण पोहोचलंय? गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, 1988 साली. तरी 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या 894. त्याच वर्षी साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलण्यात आली. नाण्याच्या काट्याचं कुणी 'नकुशी' असं बारसं करतं का हो?

मी मैत्रिणीला विचारलं, मग हा 'वंश' म्हणतात तो शरीरात नेमका असतो तरी कुठे? ती म्हणाली, आडनावासारखा चालणारा एकच तुकडा आहे, वाय क्रोमोझोम. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, जवळजवळ जसाच्या तसा. त्याची शेवटपर्यंतची संपूर्ण जुळणी 2023 मध्ये जाहीर झाली. सुमारे 6 कोटी 20 लाख अक्षरं. ऐकायला दणदणीत वाटतं, पण पुरुषाच्या एका पेशीत दोन्ही संच मिळून 600 कोटींच्या वर अक्षरं असतात. म्हणजे ज्याच्यासाठी दुसरी लग्नं झाली, नारायण-नागबळी झाले, नवस झाले, तो ऐवज आहे साधारण एक टक्का. बाकी जे काही आहे त्यातलं निम्मं बाबांनी ताईला दिलंय आणि निम्मं मला. शाखा म्हणे थांबली!

आणि ते बाकीचं कसं येतं, ती गोष्ट तर अजूनच सही आहे. आई-वडिलांकडून आलेले क्रोमोझोम पुढे जाताना पत्त्यांसारखे पिसले जातात. दोन जोडीदार क्रोमोझोम मध्येच तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. असे सांधेबदल आईकडून येणाऱ्या संचात सरासरी चाळीसेक, वडिलांकडच्या संचात पंचवीस-सत्तावीस. दोन जीन्समधलं अंतर किती हे या अदलाबदलीवरून मोजतात. त्याचं पहिलं सूत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1919 मध्ये दिलं. पण त्यांनी धरून चाललं होतं की एक सांधा कुठे पडला याचा दुसऱ्यावर काही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात एक सांधा पडला की शेजारी लगेच दुसरा पडणं टळतं. ते धरून 1944 मध्ये नवं सूत्र दिलं कुणी? आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी!

मी उडालेच. कोसंबी म्हणजे इतिहासवाले, प्राचीन नाणी वजन करून त्यांचं स्टॅटिस्टिक्स मांडणारे, एवढंच मला माहीत. गोव्यात जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, आणि पुढे टीआयएफआरमध्ये असताना डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई अपडाउन. (अपडाउनवाल्यांनो, ट्रेनमध्ये फक्त रमीच खेळली जाते असं नाही!) हे सूत्र त्यांनी फर्ग्युसनच्या दिवसांत काढलं. मैत्रिणीने लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. पिकांचे जनुकीय नकाशे काढायला जगभर वापरतात तसलं. त्यात ऑप्शन होते... 'हॉल्डेन' आणि 'कोसंबी'. मेन्यूमध्ये, शेजारी शेजारी. तो पेपर छापला होता 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये. युजेनिक्स, म्हणजे 'चांगल्या' वंशाची पैदास वाढवण्याचं ते भयंकर खूळ. हा शब्दच मुळी गाल्टनने 1883 मध्ये काढलेला. 1954 मध्ये त्या जर्नलने लाजेकाजेस्तव नाव बदललं. आणि घराण्यांची एवढी चिंता वाहणाऱ्या गाल्टनला स्वतःला मूलबाळ नव्हतं.

तर या पिसण्याचा परिणाम असा. दहा पिढ्या मागे गेलं तर तुम्हाला 1024 पूर्वज असतात. (चुलत-मावस लग्नं झाली असतील तर थोडे कमी.) पण डीएनएचे तुकडे तितके होतच नाहीत. म्हणून त्या 1024 पैकी जवळपास निम्म्यांचा एक कणही तुमच्यात पोहोचलेला नसतो. ते तुमचे पूर्वज असतात, शंभर टक्के असतात, फक्त त्यांच्याकडून आलेलं काही शिल्लक नसतं. आमच्या कुलवृत्तांताचा मूळ पुरुष माझ्यापासून दहावा. नुसत्या पुरुषांच्या रांगेतून येताना सांधे कमी पडतात, म्हणून त्याचं काहीच माझ्यात नसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. त्याच्या नावाचं पुस्तक आहे, दरवर्षी संमेलन असतं, ग्रुप फोटो असतो!

"मग चांगला जीन असेल तर तो तरी टिकतो का?" मी विचारलं. पुन्हा हॉल्डेन, 1927. एखादा नवा बदल झाला, ज्याने वारसांची संख्या एक टक्क्याने वाढते. उत्क्रांतीच्या हिशेबात हा जबरदस्त फायदा. तरी मोठ्या लोकसंख्येत तो टिकण्याची शक्यता फक्त दोन टक्के. पन्नासातले एकोणपन्नास चांगले बदल सुरुवातीच्या काही पिढ्यांतच विझतात, नाणी उलटी पडली म्हणून. मला हा आकडा आवडतो का? नाही. अप्रेझलच्या सीझनमध्ये तर मुळीच सांगू नका कुणाला. हे हॉल्डेन साहेब 1957 मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, आधी कोलकाता आणि मग भुवनेश्वर. भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये इथेच गेले.

आईकडून मुलीला जाणारंही एक आडनाव असतं, मायटोकाँड्रियाचं. पेशीतली ही छोटी वीजघरं फक्त आईकडून येतात. मुलाला मिळतात, पण तो पुढे देऊ शकत नाही. म्हणजे इथे खेळ उलटा. काटा पडला तर घराणं चालू. 1987 मध्ये कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन या तिघांनी जगभरच्या लोकांच्या मायटोकाँड्रियांचा माग काढला आणि सगळ्यांची रांग आफ्रिकेतल्या एकाच बाईपाशी पोहोचली, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या. ती काही तेव्हाची एकुलती एक बाई नव्हती. तिच्या आजूबाजूला हजारो बायका होत्या, त्यांच्याही रांगा सुरू झाल्या होत्या. कुठल्या ना कुठल्या पिढीत त्यांच्याकडे फक्त मुलगे झाले आणि त्या रांगा थांबल्या. पुन्हा गाल्टन, पुन्हा नाणी.

हे मी आजीला सांगितलं. बाबांची आई, वय 88, कान तल्लख. गणित तिने हाताने उडवून लावलं, पण ही वीजघरांची गोष्ट नीट ऐकली. म्हणाली, "म्हणजे माझं ते तुझ्यात नाही?"

"नाही गं. माझ्यात माझ्या आईच्या आईचं. तुझं आत्याकडे गेलं, तिच्याकडून तिच्या मुलींकडे. तुझी नात पुण्याला नोकरी करते ना, तिच्यात आहे."

"आणि थोरल्या सासूबाईंचं?"

मी आजीकडे बघतच राहिले. थोरल्या सासूबाई म्हणजे पुस्तकातली ती 'प्रथम पत्नी'. आजी लग्न होऊन घरात आली तेव्हा त्या होत्या, मागच्या खोलीत. आजीला पुरणपोळी लाटायला त्यांनी शिकवली. धाकट्या सासूबाईंना ते आवडायचं नाही, म्हणून दुपारी सगळे झोपले की शिकवायच्या. तीनपैकी एक मुलगी लहानपणीच गेली. दोघींची लग्नं झाली. एक बेळगावला दिली, तिला चार मुली.

"चार?" मी म्हटलं. "अगं आजी, म्हणजे त्यांचं तर जोरात चाललं असणार!"

आजी हसली. मग बराच वेळ गप्प. मी विचारलं, त्यांचं नाव काय होतं? बाबांना माहीत नव्हतं. ठाण्याच्या काकांनाही नव्हतं, मी फोन करून विचारलं होतं.

आजीने सांगितलं. मी लिहून घेतलं.

"ते सासरचं," ती म्हणाली. "माहेरचं वेगळं होतं, तेही लिही. संगमेश्वरच्या होत्या त्या. वडील पोस्टात होते."